सहा मिलिमीटरची फट

सराफाच्या दुकानात कधी गेलात तर काचेखालचा टॉप्सचा ट्रे नीट बघा. एकाच नक्षीचे वीस-पंचवीस जोड असतात आणि प्रत्येकातल्या पाकळीचा बाक, मधल्या शिरेची खोली अगदी सारखी. इतकं सारखं काम हाताने होत नाही. ते पोलादाच्या एका ठोकळ्यातून येतं. त्या ठोकळ्यात ती पाकळी उलटी कोरलेली असते. वर पातळ पत्रा ठेवायचा आणि ठोका मारायचा. या ठोकळ्याला डाय म्हणतात, आणि दागिन्यांच्या डाय बनवणारी गावं आमच्या डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर आहेत. चिंचणी, वरोर, वाढवण. डहाणू म्हटलं की बाहेरच्यांना घोलवडचा चिकू आठवतो, वारली चित्रं आठवतात, हल्ली वाढवणचं बंदर. पडवीत खिडकीखाली बसून पोलाद कोरणारी माणसं कुणाला आठवत नाहीत, कारण दागिन्यावर डायवाल्याचं नाव नसतं.

आमचं घर त्यांतलंच एक. पप्पा गेली पस्तीस वर्षं डाय कोरतात. डोळ्याला भिंग, पुढ्यात लाकडी ठोकळा, हातात करंगळीएवढी छिन्नी. मऊ केलेल्या पोलादात नक्षी उलटी उतरवायची, मधूनमधून मेण दाबून ती सुलटी कशी दिसते ते बघायचं, मन भरलं की ठोकळा लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवायचा. याला पाणी देणं म्हणतात, बुडवतात तेलात असलं तरी. पाणी नीट बसलं तर डाय हजारो ठोके सोसते. आमच्या धंद्याची गोम इथेच आहे. डाय एकदाच विकली जाते. तिच्यातून निघणारे हजारो दागिने दुसराच कुणी विकतो.

त्यात सीएनसी आलं. फोनवर आलेल्या फोटोवरून कॉम्प्युटरमध्ये नक्षी काढायची आणि पप्पांना चार दिवस लागायचे ते काम यंत्राकडून एका रात्रीत करून घ्यायचं. पप्पांकडे उरली ती दुरुस्तीची आणि बारीक कामं. मी टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करून वसईतल्या एका टूलरूममध्ये चार वर्षं काढली होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखापार गेलं, आणि पप्पांना कामं देणारे व्यापारी पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्यांची भाषा बोलू लागले. मी घरी सांगितलं की आता डाय विकायची नाही, ठेवायची. पितळेचे टॉप्स आपणच आपल्या घरी ठोकायचे.

पप्पांनी भिंग बाजूला केलं आणि विचारलं, "प्रेसवर बसणार कोण?"

हा प्रश्न त्यांनी पुढचे दोन महिने सोडला नाही.

घरच्या घरी छोटा प्रेस लावून त्यावर प्रोग्रेसिव्ह काम कसं करतात ते बघायला मी यूट्यूबवर 'प्रोग्रेसिव्ह प्रेस ॲट होम' असं शोधलं. राजकोटचा एखादा पटेल भेटेल असं वाटलं होतं. भेटला अमेरिकेतला पांढऱ्या दाढीचा एक आजोबा. गॅरेजमधल्या टेबलाला बोल्टने आवळलेला निळा प्रेस, शेजारी रिकाम्या पितळी काडतुसांची बादली. तो घरी काडतुसं भरत होता.

तिकडे हा छंद आहे. नेमबाजीच्या मैदानावर पडलेली रिकामी काडतुसं गोळा करायची आणि घरी पुन्हा भरायची. ॲरिझोनातल्या डिलन प्रिसिजनसारख्या कंपन्या त्यासाठी प्रेस बनवतात. साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होतं: शंभर काडतुसांचं पहिलं काम, मग डाय बदलून त्याच शंभरांचं दुसरं, असं. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर खाली एक फिरती गोल तबकडी असते आणि वर एकेका कामाची डाय. दांडा एकदा ओढला की प्रत्येक काडतुसावर त्या त्या जागेचं काम होतं आणि तबकडी एक घर पुढे सरकते. पहिलं काडतूस निघायला तबकडीच्या घरांइतके ठोके लागतात, त्यानंतर प्रत्येक ठोक्याला एक तयार. आजोबा पुन्हा पुन्हा एकच बजावत होता: सगळी स्टेशनं एकदम लावू नका. एक लावा, तपासा, मगच दुसरं. मी वहीत ते लिहून घेतलं. टॉप्सला आणि काडतुसाला हा नियम सारखाच लागू आहे.

फोनचं तुम्हाला माहीतच आहे. एक व्हिडिओ पूर्ण बघितला की आठवडाभर तेच. चहा घेताना पप्पांनी मागून डोकावून बघितलं. "हे काय बघतेस? पोलीस येतील घरी."

मी हसले, पण रात्री कायदा उघडून वाचला. पप्पांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या आहे. तिच्यात काडतुसांचे सुटे भाग येतातच, आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे त्या आजोबाच्या टेबलावरचा निळा प्रेस, त्यात दारूचा कणही नसला तरी, इथल्या कायद्याच्या भाषेत स्वतःच दारूगोळा. परवान्याशिवाय दारूगोळा बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं कैद आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

गंमत अशी की सामान जवळपास तेच आहे. काडतुसाच्या कवचाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे मिश्रण इतकं ओढलं जातं की त्याची आधी वाटी करून ती एकामागून एक डायमधून खेचत नळी बनवता येते आणि ती फाटत नाही. इंग्रजीत त्याला काडतुसाचं पितळ असंच नाव आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा १९६४ चा. दोन्हीकडे काडतुसं बनत आली. आमच्या घरी येणाऱ्या पत्र्याच्या गुंडाळीवरही ७०:३० लिहिलेलं असतं. धातू तोच, प्रेसचं तत्त्व तेच, आत बसवलेली डाय तेवढी वेगळी. तेवढ्या फरकावर एका बाजूला जन्मठेप आणि दुसऱ्या बाजूला टॉप्सचा जोड.

मग वाटलं, प्रेसमधून काय निघतं यावर कायद्याची एवढी बारीक नजर आहे, तर प्रेसवर बसणाऱ्याबद्दलही काही असेलच. आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याचं २१ वं कलम सांगत होतं की यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आडोसा हवा. पण कारखाना ठरायला कामगारांची ठरावीक संख्या लागते. पडवीत तीन माणसं बसली तर तो कारखाना होत नाही. तिथे आडोसा लावायचा की नाही हे घरच्यांच्या मनावर.

आता प्रोग्रेसिव्ह म्हणजे नेमकं काय, ते आमच्या टॉप्सवरून सांगते. पाकळीची चकती १४ मिलिमीटर व्यासाची, पत्रा ०.३ मिलिमीटर जाड. तिच्यावर नक्षी उठवायची, मध्ये खड्यासाठी भोक पाडायचं, कडेला दोन बारीक भोकं पाडायची, कड किंचित वळवायची आणि मग चकती कापून काढायची. पाच कामं. ती करायचे दोन रस्ते आहेत.

पहिला पप्पांच्या ओळखीचा. पाच वेगवेगळ्या डाय करायच्या. एक तुकडा डायवर ठेवायचा, पॅडल दाबायचं, तुकडा उचलायचा, पुढच्या डायवर न्यायचा. डाय स्वस्तात होतात. शिवाय शेजारच्या दोन काकू आणि त्यांच्या सुना नगावर काम करायला तयार होत्या. चार-पाच बायकांच्या हाताला काम मिळालं असतं. पप्पांना हे मनापासून हवं होतं. आमच्या गल्लीत घरबसल्या मिळणारं दुसरं काम फारसं नाही.

दुसरा रस्ता प्रोग्रेसिव्ह डायचा. पाचही कामं एकाच लांब डायमध्ये ओळीने बसवायची. आत तुकडे जात नाहीत, पत्र्याची अखंड पट्टी जाते. ती दर ठोक्याला १७ मिलिमीटर पुढे सरकते. पाचव्या ठोक्याला पहिली चकती खाली पडते, पुढे दर ठोक्याला एक. माणूस लागतो एकच. पण डायचा खर्च पहिल्या रस्त्याच्या तिप्पट, आणि पंच व डाय यांच्यामधलं अंतर दर बाजूला शतांश मिलिमीटरच्या आसपास राखावं लागतं. केसाची जाडी त्याच्या पाचपट तरी असते.

वसईत मला हा सगळा हिशोब वेग आणि खर्च यांत शिकवला होता. दर मिनिटाला किती नग, किती नगांनंतर डायचा खर्च निघतो. या हिशोबात नसलेली एक रक्कम मला तलासरीच्या दादाने दाखवली.

दादा पप्पांकडे पॉलिशच्या कामाला यायचा. वय तेहतीस. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर त्याचं घर. दोन जीप बदलून यायचा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट नाही. मी डायचं चित्र काढत बसले असताना एकदा तो मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "यात पट्टी कुठून घालणार?" मी बाण दाखवला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हात आत जात नाही."

तो प्रेसवर सहा वर्षं होता, हद्दीपलीकडे गुजरातमध्ये. तलासरीहून पहाटे निघणाऱ्या जीप आणि टेम्पो माणसं भरून संजाण, भिलाड, उंबरगावकडे जातात. डहाणूत मोठे कारखाने यायचे थांबले ते २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने. तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, प्रदूषण करणाऱ्या लाल गटातल्या उद्योगांना बंदी आली, उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांची मर्यादा पडली. चिकूच्या वाड्या आणि समुद्र त्यामुळे टिकले, आणि ते टिकायलाच हवे होते. पण शेतीवर भागत नाही त्याला मग हद्द ओलांडावी लागते. तलासरीजवळच्या झरीला २३ मे १९४५ ला वारली जमले आणि फुकट वेठीला जायचं नाही असं ठरवलं. दादाच्या आजोबांची ती पिढी. हाताच्या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत, एवढीच तेव्हाची मागणी होती. नातवाला पैसे मिळत होते, ठेकेदारामार्फत, कागदाशिवाय.

जुन्या पॉवर प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पॅडल दाबलं की आतली एक चावी फिरते आणि फ्लायव्हील रॅमला जोडलं जातं. रॅम खाली येतो, वर जातो, चावी सुटते. एकदा जोडली गेली की फेरा पूर्ण होईपर्यंत प्रेस थांबत नाही. मध्येच पाय काढून उपयोग नसतो. चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली तर पॅडल न दाबताच दुसरा ठोका पडतो. कामगार याला 'डबल' म्हणतात. दादाच्या प्रेसने २०१७ मध्ये डबल मारला. त्याने मला एवढंच सांगितलं, "पहिल्याला हात बाहेर होता. तुकडा काढायला घातला, तर दुसरा आला."

हे एकट्याचं नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. बोटं जाण्याच्या कारणांत पॉवर प्रेस त्यांत सतत पुढे आहे.

मी दादाला विचारलं, नुकसानभरपाई किती मिळाली. औषधपाण्याचा खर्च आणि दोन महिन्यांचा पगार, तो म्हणाला. ठेकेदाराच्या वहीत त्याचं नाव नव्हतं. मग आम्ही दोघांनी ओट्यावर बसून माझ्या फोनवर हिशोब केला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं मानायचं, ते त्यात लिहिलं होतं. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. मधलं बोट १२. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. अंगठा ३०.

"अंगठा दोन बोटांपेक्षा महाग," दादा म्हणाला.

पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, गुणिले बोटांचे टक्के. दादाचं वय तेव्हा २५, त्याचा आकडा २१६.९१. पगार ८,००० धरला, कारण तेव्हा हिशोबाला तेवढीच कमाल मर्यादा होती. उत्तर आलं २,०८,२३३ रुपये. दादाने फोन हातात घेतला, आकडा जवळून बघितला आणि परत दिला. "वहीत नाव असतं तर," एवढंच म्हणाला आणि पॉलिशला गेला.

मी मात्र त्या दोन कायद्यांवर अडकून राहिले. एकात प्रेसमधून काय बाहेर पडेल याची एवढी धास्ती की यंत्रालाच दारूगोळा म्हटलंय. दुसऱ्यात प्रेसमध्ये काय जाईल याचा दर लावून ठेवला होता. दर असणं चांगलंच. वहीत नाव असणाऱ्याला निदान तेवढं मिळतं. पण आमच्या पडवीत ना वही असणार, ना ठेकेदार. मी कागदावर गुणाकार केला. पप्पांच्या रस्त्याने एका चकतीसाठी हात पाच वेळा आत जातो. हजार चकत्यांना पाच हजार वेळा. माझ्या रस्त्याने एकदाही नाही. डायच्या खर्चातली तिप्पट ही त्या पाच हजार वेळांची किंमत होती.

पप्पांना मी तो कागद दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे काकूंचं काम गेलं." खरं होतं ते. यावर आमचं दोन-तीन दिवस वाजलं. शेवटी ठरलं ते असं: प्रेसवर एकच माणूस. बाकीच्यांना चकत्यांची कड घासणं, पॉलिश, खडे बसवणं, जोड लावून कार्डावर टाचणं. नगाला पैसे प्रेसच्या कामापेक्षा थोडे कमी पडतात. मोठ्या काकूंनी त्यावर नाक मुरडलं, आणि त्यांचंही चुकत नाही. आमच्या नफ्यातून तो फरक किती भरून निघतो ते वर्षभराने कळेल.

प्रेस जुना घेतला, १० टनी, बिडाचा, सी आकाराच्या सांगाड्याचा, दीड हॉर्सपॉवरच्या मोटरचा. चकती कापायला जोर फारसा लागत नाही. १४ मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा परीघ ४४ मिलिमीटर. त्याला पत्र्याची जाडी आणि पितळेची ताकद यांनी गुणलं की चारशे किलोच्या आसपास येतं. खरा जोर खातं ते नक्षी उठवणं, कारण तिथे सगळ्या पृष्ठभागावर दाब पडतो. दहा टन त्यासाठी. प्रेस पडवीत ठेवला असता तर हादऱ्याने पप्पांची छिन्नी हलली असती, म्हणून मागच्या ओट्यावर वेगळा पाया भरून खाली रबर घातलं.

डायचे पंच आणि पोकळ्या वसईला वायरकटवर कापून घेतल्या. नक्षीचा भाग मात्र पप्पांनी हाताने कोरला. सीएनसीवरही झाला असता. पण पाकळीच्या टोकाशी शीर संपते तिथे ते छिन्नी किंचित उचलतात आणि शीर विरून जाते. यंत्राला ते सांगायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

लावायच्या दिवशी दादाने पहिल्यांदा प्लग काढला. तेवढ्यावर न थांबता फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवला. "दुसऱ्याने चालू केलं तर?" मग जुनी चावी आणि तिची स्प्रिंग बदलून घेतली, ती दोन्ही नवीन आणायची हे त्याने प्रेस घेतानाच बजावलं होतं. पुढचे दोन दिवस आम्ही फ्लायव्हील हाताने फिरवत राहिलो. रॅम अगदी खाली येतो ती जागा धरायची, डाय खाली सैल ठेवायची, पंच पोकळीत शिरू द्यायचे आणि मग बोल्ट आवळायचे. नीट बसलं का ते बघायला पत्रा घालत नाहीत. वर्तमानपत्राचा कागद घालतात. कागद चहूबाजूंनी स्वच्छ कापला गेला तर अंतर सगळीकडे सारखं. एका बाजूला तंतू राहिले तर डाय त्या बाजूला सरकवायची. पत्रा जोराने फाटूनही कापला जातो, कागद लबाडी करू देत नाही.

मग एकेक स्टेशन, आजोबाने सांगितलं तसं. पहिल्यावर पट्टीच्या कडेला दोन भोकं. दुसऱ्यावर त्या भोकांत दोन गोल टोकांचे खिळे आधी शिरतात, पट्टी केसभर सरकली असली तरी जागेवर ओढतात आणि मगच नक्षीचा पंच टेकतो. या खिळ्यांना पायलट म्हणतात. तिसऱ्यावर मधलं भोक. चौथ्यावर कड वळते. पाचव्यावर चकती सुटते.

मोटर लावून पहिल्यांदा चालवलं तेव्हा चाळीसेक ठोक्यांनंतर दादाने पाय काढायची खूण केली. मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. तो म्हणाला, "आवाज बदलला." पट्टी ओढून बघितली तर तिसऱ्या स्टेशनवर कापलेला भोकाएवढा तुकडा खाली पडायच्या ऐवजी पंचाला चिकटून वर येत होता आणि पट्टीवर पडून पुढच्या चकतीवर डाग उमटवत होता. तेलाच्या थरामुळे असं होतं. पुस्तकात यावर पंचात बारीक स्प्रिंगची पिन बसवतात. दादाने पंच काढून त्याच्या सपाट तोंडावर कानशीने दोन आडवे ओरखडे मारले, तेल कमी केलं. तुकडा परत वर आला नाही.

आडोसा मी शेवटी लावला. जाड पारदर्शक पत्र्याचा डबा, डायच्या चारही बाजूंनी, स्क्रूने पक्का. उघडायचा तर पान्हा लागतो. पट्टी आत जायला समोर एक आडवी फट आणि सांगाडा बाहेर यायला मागे एक. फटीची उंची ६ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं बोट यातून जात नाही, म्हणून यंत्रांच्या आडोशाला हे माप बरंच वापरतात. दादाने फ्यूज अजून खिशातच ठेवला होता. तो समोर बसला आणि उजव्या हाताची करंगळी फटीत घालून बघितली. नखापाशी अडकली. मग माझा हात धरून माझी करंगळी घालून बघितली, कारण माझी बारीक. तीही अडकली. मग त्याने फ्यूज काढून दिला.

पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मी तोपर्यंत स्वतःच्या नावाने देत होते, आणि पहिले तीन आठवडे मीच बसले. दादाला मी विचारलं होतं. तो लावून देईल, बिघडला तर उघडेल, आवाज ऐकेल, पण पॅडलवर पाय ठेवणार नाही. यावर मी पुन्हा कधी विचारलं नाही. पगाराची वही मात्र पहिल्याच दिवशी घातली. चार ओळींची आहे. पहिलं नाव त्याचं.

चौथ्या आठवड्यात सोमवारी दादा एकटा आला नाही. सोबत बायको होती. ती याआधी कधी आमच्याकडे आली नव्हती. चहा झाला. मग तो तिला मागच्या ओट्यावर घेऊन गेला, तिला फट दाखवली, तिची करंगळी घालून बघायला लावली, डबल म्हणजे काय ते त्यांच्या बोलीत सांगितलं. मी दारात उभी होते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, हिला बसवतेस का? वहीत नाव घाल."